उजवा कान

देवश्री आठवीत होती तेव्हा तिचे वडील तिला देवीदास सरांकडे घेऊन गेले. देवीदास सर म्हणजे अमरावतीत राजापेठेजवळ दोन खोल्यांचं ऑफिस थाटून बसलेले शैक्षणिक मार्गदर्शक. त्याआधी ते काय करत होते हे कुणी विचारलं नव्हतं. बियाण्यांची एजन्सी होती, असं काही लोक सांगत. त्यांनी शाईच्या पॅडवर देवश्रीची दहाही बोटं टेकवून घेतली, ठसे कुठेतरी पाठवले आणि आठ दिवसांनी बावीस पानांचा रंगीत अहवाल हातात ठेवला. मुलीच्या मेंदूचा कल वैद्यकीय क्षेत्राकडे आहे, असं त्यात लिहिलं होतं. सरांनी तोंडी भर घातली, "वकीलसाहेब, हिच्या अंगठ्यात सर्जन आहे."

वकीलसाहेब म्हणजे ॲडव्होकेट हेमचंद्र पांढरीपांडे. मोटार अपघातांच्या दाव्यांत त्यांचं जिल्हा कोर्टात नाव होतं. स्कूटरचा आरसा फुटला एवढं सिद्ध करायलाही ते समोरच्याकडून तीन साक्षीदार मागत. अंगठ्यातल्या सर्जनसाठी मात्र त्यांना एकही साक्षीदार लागला नाही.

याला कारण होतं. हेमचंद्रांचे साडू अकोल्यात दातांचे डॉक्टर होते. लग्नाकार्यात लोक त्यांच्याभोवती जमत, कुणी जबडा दाखवी, कुणी नातवाची दाढ दाखवी. हेमचंद्र शेजारीच बसलेले असत आणि त्यांना कुणी काही दाखवत नसे. दातांच्या डॉक्टरला इतका मान, तर आपल्या घरात खरा डॉक्टर आला तर काय होईल, हा हिशोब त्यांनी मनात कधीच मांडून ठेवला होता.

मग त्यांनी मार्ग आखला. शब्द त्यांचाच: मार्ग. आठवी ते दहावी फाउंडेशनचा क्लास. अकरावी-बारावी अकोल्याला, कारण तिथल्या क्लासेसचा बोलबाला. मग नीटची प्रवेश परीक्षा, मग सरकारी कॉलेजात एमबीबीएस, मग त्वचारोगात एमडी. त्वचारोगच का, तर त्यात रात्री कुणी उठवायला येत नाही. त्यानंतर हाडांच्या डॉक्टरशी लग्न आणि तळमजल्यावर दोघांचा दवाखाना. साईनगरातल्या घराचा तळमजला त्यासाठी भाड्यानेसुद्धा दिलेला नव्हता. या मार्गात आजारी माणूस कुठेच येत नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. देवश्रीच्या आलं होतं, पण आठवीतल्या मुलीचं कोण ऐकतं.

दहावीनंतर देवश्रीची आई रमा शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मुलीबरोबर अकोल्याला गेली. रमा मराठी शिकवायची, आणि वर्गातली मुलं तिला आवडायची. तिच्या रजेचा अर्जही हेमचंद्रांनीच लिहिला होता. जठारपेठेत एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. देवश्री सकाळी सहाला क्लासला जायची, दुपारी जेवून पुन्हा जायची. कॉलेज नावापुरतं होतं, हजेरी तिथे आपोआप लागायची. दोन वर्षांत तिने हृदयाची आकृती शंभर वेळा काढली असेल, पण कुणाच्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची वेळ आली नाही. शिकवणारे सर चांगले होते, फक्त ते मुलांना नावाने ओळखत नसत. मागच्या चाचणीतल्या क्रमांकाने ओळखत. देवश्री कधी एकशे चार असायची, कधी दोनशे बारा.

त्या वर्षी नीटचा पेपर अवघड गेला. देवश्रीला सातशेवीसपैकी चारशे बावन्न मिळाले. खुल्या गटात सरकारी कॉलेजला पाचशेच्या वर लागणार होते.

हेमचंद्र रागावले नाहीत. रागावले असते तर देवश्रीला बरं वाटलं असतं. त्यांनी निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि स्कूटर काढून देवीदास सरांकडे गेले. परत आले ते प्रसन्न चेहऱ्याने.

"अजून एक रस्ता आहे," ते म्हणाले. त्यांनी रमाला आणि देवश्रीला समोर बसवलं, कोर्टात अशिलाला बसवतात तसं. "अपंगांसाठी वेगळ्या जागा असतात. तिथे चारशे बावन्न म्हणजे भरपूर."

"पण कोण अपंग आहे?" रमाने विचारलं.

"कानाचं तसं बाहेरून दिसत नाही," हेमचंद्र म्हणाले. "देवीदास सर सांगत होते, उजवा पूर्ण गेलेला आणि डावा निम्मा, एवढं कागदावर आलं की पुरे. अमरावतीत नको, इथे मला सगळे ओळखतात. अकोल्याचा भाडेकरार आहेच आपल्याकडे. त्या पत्त्यावरून अर्ज करायचा. यंत्रातून आवाज येतो, आवाज आला की बटण दाबायचं असतं. हिने दाबायचं नाही. बाकी पुढचं सर बघून घेतात."

"आणि जन्मभर?"

"जन्मभर काय? पुढे इलाज केला, बरं झालं, असं म्हणता येतं."

देवश्रीला त्या वेळी फार काही वाटलं नाही, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं. दोन वर्षं ती जे सांगितलं ते करत आली होती. क्लासने सांगितलं उत्तर माहीत नसेल तर प्रश्न सोडून द्या, आता वडील सांगत होते आवाज आला तर सोडून दे. तिला तो पुढचाच धडा वाटला.

मग आठवडाभर घरात तालीम चालली. देवश्री हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसायची आणि रमाने उजव्या बाजूने येऊन तिला हाक मारायची. देवश्रीने वळायचं नाही. हेमचंद्र मागे उभे राहून स्टीलची ताटं फरशीवर टाकायचे. पहिल्या दिवशी देवश्री प्रत्येक ताटाला दचकली. हेमचंद्र म्हणाले, "खांदा हलला. खांदा हलता कामा नये." तिसऱ्या दिवशी खांदा हलायचा थांबला. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या की घरात काही भांडण आहे का. सहाव्या दिवशी रमाने हाक मारली, "देवू, चहा घे." देवश्री खरोखर पुस्तकात बुडाली होती, तिला ऐकूच आलं नाही. हेमचंद्रांनी समाधानाने मान हलवली. रमा चहाचा कप तसाच धरून मुलीकडे बघत राहिली.

तपासणीच्या दिवशी तिघे गाडीने अकोल्याला गेले. ताटकळायला लागलं. सरकारी दवाखान्यात कानाच्या विभागाबाहेर लांब बाक होता आणि त्यावर पंधरा-वीस जण बसलेले. हेमचंद्रांनी आजूबाजूला पाहिलं, त्यांना तिथे बसणं योग्य वाटलं नाही, म्हणून ते फाईल घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभे राहिले. रमा पाणी आणायला गेली.

देवश्रीच्या शेजारी एक मुलगी बसली होती, तिच्याच वयाची, दोन्ही कानांमागे यंत्रं लावलेली. पलीकडे तिचे वडील होते. पांढरा सदरा, पायात गावातल्या मातीचा रंग धरलेली चप्पल. त्यांना गप्प बसवत नसावं.

"कोण्या गावची वं पोरी?" त्यांनी विचारलं.

देवश्रीने हळू मान वळवली, शिकवल्याप्रमाणे. "इथलीच. जठारपेठ."

"आमी अकोट तालुक्यातले. मी नत्थुजी. हे माही अपेक्षा. जुनं कार्ड लहानपणचं हाय हिचं, ते चालत नाही म्हणतात, नवं करून आना. मंग आलो. तुले कोन्या कानानं आयकू येत नाही?"

"उजव्या. डाव्यानेही निम्मंच," देवश्री म्हणाली.

"जनमापासून का मंग झालं?"

या प्रश्नाची तालीम झालेली नव्हती. देवश्री थांबली. तिने व्हरांड्याच्या टोकाला पाहिलं. हेमचंद्र फोनवर बोलत होते.

"मंग झालं," ती म्हणाली.

अपेक्षा इतका वेळ देवश्रीच्या ओठांकडे बघत होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज जरा मोठा आणि सपाट होता, काही अक्षरं एकमेकांत मिसळलेली, पण कळत होतं.

"नीट देल्ली का तू?"

"दिली."

"किती?"

"चारशे बावन्न."

"मले तीनशे चौऱ्याऐंशी," अपेक्षा म्हणाली. "क्लास नाही लावला. मोबाईलवर शिकोते ते सर, खाली अक्षरं येतात, मी वाचते."

"लय येळा अक्षरं चुकतात," नत्थुजींनी मधेच सांगितलं. "त्या सरायनं किडनी म्हटलं का खाली लिहून येते सिडनी. मंग हे पुस्तकात शोधते."

तेवढ्यात मागच्या दारातून शिपायाने कुणाचं तरी नाव पुकारलं. खुर्ची सरकल्याचा कर्कश आवाज झाला. अपेक्षा जागची हलली नाही. तिने देवश्रीकडे पाहिलं, आणि देवश्रीच्या लक्षात आलं की आपण मागे वळून पाहिलेलं आहे. पूर्ण वळून. उजव्या बाजूने.

अपेक्षा म्हणाली, "तू बहिरी नाहीस."

तिने ते हळू म्हटलं असेल, तिच्या हिशोबाने. बाकावरच्या ज्यांना ऐकू येत होतं त्या सगळ्यांनी ऐकलं.

"भाऊ, हे काय म्हणते?" पलीकडच्या बाईने विचारलं. नत्थुजी देवश्रीकडे बघत होते, रागाने नाही. बाजारात सोयाबीनमध्ये माती मिसळलेली दिसली की माणूस ज्या नजरेने पाहतो, तसं.

"मले दुसरीत वर्गात मागं बसवलं होतं," अपेक्षा म्हणाली. "बाई काय शिकोते समजे नाही. पोरं मागून खडे मारत. मी वळू नाही म्हणून. कोनाचा खडा लागते ते पाहत. तू हे फुकटात घेऊन राहिली."

देवश्रीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की आता सगळ्यांना कळलं, बाबा काय म्हणतील. दुसऱ्यांदा आलं ते हे की अपेक्षा म्हणते ते बरोबर आहे. पहिलं आधी आलं याची तिला पुढे बराच काळ लाज वाटत राहिली.

पाच मिनिटांनी तिचं नाव पुकारलं गेलं.

आतली खोली लहान, भिंती जाड, आवाज गिळणाऱ्या. तपासणी करणाऱ्या मॅडमचं नाव करिश्मा असं पाटीवर होतं. तिशीतल्या, थकलेल्या. त्यांनी देवश्रीच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, "आवाज कितीही बारीक आला तरी दाबायचं. आला नाही तर नाही."

उजव्या कानात आवाज आला. पीप. अगदी स्वच्छ. देवश्रीने दाबलं नाही. दुसरा आला, मोठा. दाबलं नाही. तिसरा. चौथा एवढा मोठा होता की दात शिवशिवले. तिचा खांदा हलला नाही. काचेपलीकडे मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. देवश्रीला वाटलं, जमतंय आपल्याला. हे जमतंय म्हणूनच तिने हेडफोन काढला आणि काचेवर टकटक केलं.

"काय झालं?"

"मॅडम, पहिल्यापासून घ्या. मी खोटं करत होते."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. उपदेश केला नाही, नवलही दाखवलं नाही. "बस," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी देवश्रीने प्रत्येक आवाजाला बटण दाबलं. नसलेल्या आवाजालाही एकदा दाबलं असावं. शेवटी मॅडमनी आलेख काढून हातात दिला.

"दोन्ही कान ठणठणीत. आणलं कुणी?"

"वडिलांनी."

"त्यांना सांग, तू दाबलं नसतंस तरी पुढे दुसरी तपासणी असते. डोक्याला तारा लावतात आणि तू झोपलेली असलीस तरी मेंदूला ऐकू आलं की नाही ते कळतं." त्यांनी पुढच्या माणसाची फाईल उचलली. "तिथे बटण नसतं."

हेमचंद्रांनी आलेख उलटसुलट करून पाहिला. "यंत्र बिघडलेलं असणार," ते म्हणाले.

"मी बटण दाबलं," देवश्री म्हणाली.

"चुकून?"

"नाही."

बाकावरची माणसं बघत होती. हेमचंद्रांना कोर्टात लोकांनी बघायची सवय होती, पण तिथे ते काळा कोट घालून उभे असत. त्यांनी फाईल काखेत घेतली आणि गाडीकडे चालू लागले. देवश्री मागे थांबली आणि अपेक्षासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलावं कळेना म्हणून तिने आलेख दाखवला. अपेक्षाने तो नीट वाचला. असे आलेख तिने लहानपणापासून पाहिले होते.

"चांगले हायत कान," ती म्हणाली. मग मोबाईल पुढे केला. "नंबर टाक."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर लागलं. तिथे हेमचंद्र चहाला थांबले आणि टपरीपाशी उभं राहून बोलायला लागले. सगळं जग असंच चालतं. अमक्याच्या मुलाला असंच मिळालं, तमक्याच्या पुतणीला तसंच. मी पाच वर्षं खपलो. बारा मिनिटांचं काम होतं. बारा मिनिटं गप्प बसता येत नाही, तर आयुष्यात काय करणार.

रमा ऐकत होती. तिने चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाली, "माझ्या दोन ताटांना पोचे पडले आहेत. तेवढी नवी आणून द्या." आणि गाडीत जाऊन बसली.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण देवीदास सर होते. रविवारी त्यांचा फोन आला. हेमचंद्रांनी तो जेवणाच्या टेबलावरच स्पीकरवर घेतला, कारण घरात आपली बाजू ऐकणारं कुणीतरी असावं असं त्यांना वाटत असावं.

"काही बिघडलं नाही साहेब," सर म्हणाले. "कान नाही तर पाय बघू. पायात थोडा फरक असतोच प्रत्येकाच्या. सेंटिमीटर इकडेतिकडे. चालण्यात जरा दाखवायचं."

आणि हेमचंद्रांनी टेबलाखाली वाकून देवश्रीच्या पायांकडे पाहिलं.

क्षणभरच पाहिलं. पण ते खरोखर अंदाज घेत होते. कोणता आखूड दिसतो, डावा की उजवा. देवश्रीने पाय मागे घेतले. रमाने फोन उचलला आणि म्हणाली, "देवीदासजी, मी रमा बोलते. माझ्या मुलीचे पाय सारखे आहेत, मी तिला लहानपणी तेल लावलेलं आहे. यापुढे या घरी फोन करू नका. केलात तर मी तुमच्या ऑफिसच्या दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे सगळं सांगेन. माझी रजा अजून शिल्लक आहे, मला वेळ आहे." आणि फोन ठेवून तिने वरण वाढलं.

हेमचंद्र बायकोकडे बघत राहिले. पंचवीस वर्षांत ती असं बोललेली त्यांना आठवत नव्हती. त्यांनी तिची उलटतपासणी घेतली नाही.

देवश्रीने पशुवैद्यकीयचा अर्ज भरला. मुक्या प्राण्यांची कणव वगैरे तिच्या मनात काही नव्हतं. गाईला हात लावायची तिला तेव्हा भीतीच वाटायची. कारण साधं होतं. तिथे चारशे बावन्नात भागत होतं, आणि अर्ज तिने स्वतः भरला होता. दुसऱ्या फेरीत नागपूरला नंबर लागला. हेमचंद्र म्हणाले, "म्हणजे ढोरांचा डॉक्टर." ते एवढंच म्हणाले आणि दोन दिवस जेवताना पेपर वाचत राहिले. साडूंचा अभिनंदनाचा फोन आला तो त्यांनी घेतला नाही.

नागपूरला जायच्या आठ दिवस आधी अपेक्षाचा मेसेज आला. दोघींचं अधूनमधून चालू होतं. लिहिताना अपेक्षा भराभर आणि तिखट बोलायची. या वेळी तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. प्रवेशाआधीच्या मोठ्या तपासणीत तिला अपात्र ठरवलं होतं. यंत्र लावूनही ऐकू येण्याची टक्केवारी नियमात बसत नाही, म्हणून ती डॉक्टर होऊ शकत नाही, असं पत्र मिळालं होतं.

देवश्रीने तो मेसेज तीनदा वाचला. ज्याला ऐकू येतं त्याने बहिरं व्हायचं तर त्याला माणसं रस्ता दाखवायला तयार, आणि ही खरीच बहिरी, तर तिला सांगतात तू जरा जास्तच बहिरी आहेस. तिने उत्तर लिहिलं: "उद्या अमरावतीला ये. वडिलांना घेऊन ये. माझे बाबा वकील आहेत."

नत्थुजी आणि अपेक्षा दुसऱ्या दिवशी अकराला साईनगरात आले. हेमचंद्रांनी दारात नत्थुजींना ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, हा माणूस तक्रार करायला आलाय.

"या," रमा म्हणाली.

हेमचंद्रांनी पत्र वाचलं आणि परत दिलं. "प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्यात. आता काही होत नाही. शिवाय हे माझं क्षेत्र नाही. माझं अपघातांचं काम."

"बाबा," देवश्री म्हणाली, "तुम्ही आठवडाभर तयारी केली आहे या विषयाची."

हेमचंद्र लाल झाले. नत्थुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वकीलसाहेब, मले सगळं ठाव हाय," ते म्हणाले. "पोरीनं सांगतलं मले तवाच. मी म्हटलं, जाऊन तोंड पाहाव नाही तुमचं. पन तुमची पोरगी आत जाऊन खरं बोलली. वकिलाच्या घरी एक तरी मानूस खरं बोलनारं हाय, त चाला म्हटलं, इतलं पुरे. फी काय होईन ते सांगा, आनि करत असान त आजच करा. नाही म्हनत असान त दुसरा वकील पाहतो, मले चारची गाडी हाय."

इतकं सरळ हेमचंद्रांशी कुणी बोललं नव्हतं. अशील त्यांच्यासमोर हात जोडून बसत. ते चिडले, आणि चिडले की ते काम चांगलं करत. त्यांनी पत्र पुन्हा घेतलं. यंत्राशिवाय किती, यंत्र लावून किती, बोललेले शब्द किती ओळखते, हे अपेक्षाला विचारायला सुरुवात केली. पहिले तीन प्रश्न त्यांनी पत्रात डोकं घालून विचारले. अपेक्षा म्हणाली, "वर पाहून बोला. ओठ दिसत नाहीत." त्यानंतर ते वर पाहून बोलले.

नुसत्या टक्केवारीवरून कुणाला नाकारू नका, तो माणूस काम करू शकतो का ते पाहा, असं वरच्या कोर्टाने अलीकडेच सांगितलं होतं. तो निकाल त्यांनी दुपारी शोधून काढला. तालुक्याच्या दवाखान्यात अपेक्षाने सुट्टीत दोन महिने केसपेपर लिहून दिले होते; तिथल्या डॉक्टरचं पत्र मागवलं. आवाज दाखवणारा, छातीचे ठोके पडद्यावर उमटवणारा स्टेथोस्कोप बाजारात मिळतो, त्याची माहिती जोडली. अपील सात पानांचं झालं. रमाने शुद्धलेखन तपासलं. देवश्रीने वाचलं तेव्हा तिला कबूल करावं लागलं की लिहिलेलं उत्तम होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाची नजर किती तीक्ष्ण असते, गर्दीत तो काय काय टिपतो, यावर त्यात एक परिच्छेद होता. तो हेमचंद्रांना अकोल्याच्या बाकावरच्या प्रसंगावरून सुचला हे तिघांनाही माहीत होतं.

फेरतपासणी झाली. या वेळी नुसता आलेख न काढता डॉक्टरांनी अपेक्षासमोर एक पेशंट बसवला आणि त्याचा त्रास लिहून काढायला सांगितलं. पेशंट पुटपुटणारा म्हातारा होता. दाराबाहेरून बघणाऱ्या नत्थुजींना वाटलं, संपलं. अपेक्षाने म्हाताऱ्याला कवळी नीट बसवायला सांगितलं आणि सगळं लिहून काढलं. शेवटच्या फेरीत तिला विदर्भातल्याच एका सरकारी कॉलेजात जागा मिळाली.

देवश्री दिवाळीला नागपूरहून घरी आली तेव्हा टेबलावर पेढ्यांचा मोठा खोका होता. कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये अर्धा वाटून झालेला. हेमचंद्रांनी गेल्या आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं की त्यांनी एका शेतकऱ्याच्या मुलीला डॉक्टर केलं. साडूंनाही त्यांनी स्वतःहून फोन केला होता. एका वार्ताहराने बातमी छापली होती. तिच्यात हेमचंद्रांचा फोटो मोठा होता आणि अपेक्षाचा नव्हताच. देवश्रीच्या कानाच्या प्रमाणपत्राची हकीकत अर्थातच कुठे नव्हती.

"काही जणांनी विचारलं, तुमच्या मुलीचं काय," हेमचंद्र खोका पुढे करत म्हणाले.

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, नागपूरला मेडिकल लाईनमध्ये आहे."

देवश्रीने एक पेढा घेतला. परवाच तिने खांद्यापर्यंत रबरी हातमोजा चढवून पहिल्यांदा म्हशीची आतून तपासणी केली होती. शिकवणाऱ्या सरांनी दोनदा सांगूनही तिला आत नेमकं काय लागतंय ते कळलं नव्हतं, आणि म्हैस वैतागून बाजूला सरकली होती. ती हे सांगणार होती. पण हेमचंद्र कुणाला तरी फोन लावत होते, बातमी वाचली का, म्हणून विचारायला. मग तिने ते सगळं आईला सांगितलं, आणि रमा शाळेचे पेपर तपासायचे थांबवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.